पांढरे पंख, काळे ठिपके: टायगर मॉथचं वर्गीकरण पायरीपायरीने

दिव्याखाली पांढऱ्या पंखांचा, काळ्या ठिपक्यांचा, केसाळ छातीचा पतंग दिसला की बहुतेक जण फोटो काढतात, एखाद्या ॲपला विचारतात आणि येईल ते नाव लिहून मोकळे होतात. टायगर मॉथच्या बाबतीत ही वाट हमखास चुकीच्या नावाकडे नेते. पंखांवरची नक्षी इथे दोन्ही बाजूंनी फसवते. एकाच मादीच्या पोटची भावंडं वेगवेगळी दिसतात आणि दूरच्या नात्यातले पतंग हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून वर्गीकरण शिकायचं असेल तर नक्षीकडे सगळ्यांत शेवटी पाहायचं. आधी पंखांच्या शिरा, डोकं, पोटाचं टोक, आणि शक्य असेल तर अळी.

या लेखात आधी पूर्ण गटाचा नकाशा आहे. मग स्पायलोसोमा आणि तिच्या जवळच्या प्रजातींवर जास्त वेळ घालवला आहे, कारण नवख्यांचा गोंधळ सर्वाधिक तिथेच होतो. इथे ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज, असा अर्थ धरावा.

हाताशी काय हवं

१० पट मोठं दाखवणारं भिंग, जमल्यास २० ते ४० पटींचा स्टिरिओ मायक्रोस्कोप, टोकदार चिमटे दोन, अगदी बारीक ब्रश, कीटकांच्या टाचण्या, ७० टक्के अल्कोहोल, ग्लिसरीन आणि मिलिमीटरची पट्टी. पोटाचं विच्छेदन करायचं ठरवलं तर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हातमोजे आणि चष्मा. पतंग पकडायला आणि ठेवायला अनेक ठिकाणी परवाना लागतो, संरक्षित जंगलात तर नक्कीच. त्याची चौकशी आधी करावी. परवाना नसेल तर फोटो आणि सोडून देण्याआधीची तपासणी इतक्यावरही बरंच काम होतं.

पायरी १: श्रेणींचा नकाशा डोक्यात बसवा

टायगर मॉथ म्हणजे आर्क्टिइने हे उपकुळ. जगभरात त्याच्या सुमारे ११,००० जाती आहेत. हे उपकुळ आज एरेबिडे या मोठ्या कुळात मोडतं. जुन्या पुस्तकांत मात्र ‘आर्क्टिडे’ असं स्वतंत्र कुळ दिसेल. २०१०च्या आसपास एक मायटोकॉन्ड्रियल आणि सात केंद्रकीय जनुकं एकत्र अभ्यासली गेली. तेव्हा असं दिसलं की हा गट एरेबिडे कुळाच्या वंशवृक्षात खोलवर बसलेला आहे. त्याला वेगळं कुळ ठेवलं तर बाकीचं कुळ तुटक होतं. म्हणून त्याची श्रेणी एक पायरी खाली आली. आतले पतंग तेच राहिले, श्रेणी बदलली.

नावाचा शेवट नीट वाचायची सवय लावा. कुळाच्या नावाला ‘इडे’, उपकुळाला ‘इने’, ट्राइबला ‘इनी’, उपट्राइबला ‘इना’ हे शेवट असतात. आर्क्टिइने, आर्क्टिइनी आणि आर्क्टिइना ही तीन वेगळ्या आकाराची वर्तुळं आहेत, एकात एक बसलेली. घाईत वाचताना हीच तीन नावं एकमेकांत मिसळतात आणि मग एखाद्या उपट्राइबचं लक्षण अख्ख्या उपकुळाला चिकटवलं जातं.

उपकुळाच्या आत सध्या चार ट्राइब मानल्या जातात. लिथोसिइनी ही दगडफुलावर आणि शेवाळावर जगणाऱ्या अळ्यांच्या पतंगांची ट्राइब. सिंटोमिइनी गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या अमाटा आणि तिच्या नातलगांची. अमेरिलिइनी ही जवळपास एकट्या अमेरिला प्रजातीची. चौथी आर्क्टिइनी, जिच्यात नेहमीचे जाडजूड, केसाळ टायगर मॉथ येतात. आर्क्टिइनीत पुन्हा उपट्राइब आहेत: आर्क्टिइना, कॅलिमॉर्फिना, निक्टेमेरिना, स्पायलोसोमिना, फेगॉप्टेरिना, पेरिकोपिना, टेनुकिना, युक्रोमिइना. आपले पांढरे ठिपकेदार पतंग बहुतांशी स्पायलोसोमिनातले.

हा नकाशा पूर्वी फार वेगळा होता. कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनने ब्रिटिश म्युझियमच्या पतंगसूचीचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात अमाटासारखे पतंग ‘सिंटोमिडे’ या वेगळ्या कुळात होते. १९००च्या दुसऱ्या खंडात नोलिने हा गट टायगर मॉथच्या कुळात होता, आज तो नोलिडे हे स्वतंत्र कुळ आहे. जुनी वर्णनं आजही लागतात, म्हणून कुठल्या खंडात काय शोधायचं हे माहीत असावं.

पायरी २: नोंद अशी घ्या की नंतर उपयोगी पडेल

एकच वरून काढलेला फोटो पुरत नाही, कारण पंख मिटून बसलेल्या पतंगाचे मागचे पंख आणि पोट त्यात झाकलेले असतात आणि नेमकी तीच ठिकाणं निर्णायक. किमान सहा फोटो काढा: वरून, बाजूने, डोकं समोरून, पोट वरून, पोट खालून आणि पुढचे पाय जवळून. प्रत्येक मालिकेत एकदा तरी मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवा.

जिवंत पतंगाचे मागचे पंख पाहायचे असतील तर त्याला डबीत घालून फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, १० ते १५ मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर तो थोडा वेळ सुस्त राहतो. तेवढ्यात ब्रशने पुढचा पंख हळूच सरकवता येतो. अनेक टायगर मॉथ धक्का लागताच पोट वाकवून त्याचा लाल-पिवळा रंग दाखवतात, काही छातीतून फेस सोडतात. तो फेस बोटांना लागला तर हात धुवा, डोळ्यांना लावू नका. या पतंगांच्या अंगात बरेचदा अळीपणी झाडांतून मिळवलेली कडू, विषारी द्रव्यं असतात.

नोंदीत ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि पतंग कसा मिळाला (दिव्यावर, झाडावर, अळी वाढवून) हे पाच मुद्दे हवेतच. ‘गावाजवळ’ असं ठिकाण लिहिलेली नोंद वर्गीकरणाच्या कामात जवळजवळ निरुपयोगी ठरते. या गटात शेजारच्या दोन डोंगररांगांवर दोन जुळ्या जाती असणं नवलाचं नाही.

पायरी ३: हा खरंच टायगर मॉथ आहे का

चार गट हमखास गोंधळात टाकतात.

पहिला लिमँट्रिइनेचा. तेही केसाळ, तेही पांढरे. त्यांची सोंड खुंटलेली असते आणि डोक्यावरचे साधे डोळे (मोठ्या डोळ्यांखेरीजचे ठिपक्याएवढे डोळे, ओसेली) नसतात. अळी हाती असेल तर प्रश्नच मिटतो: लिमँट्रिइनेच्या अळीच्या पोटाच्या सहाव्या आणि सातव्या खंडावर, पाठीच्या मध्यरेषेवर, उठून दिसणाऱ्या ग्रंथी असतात. टायगर मॉथच्या अळीला त्या नसतात.

दुसरा अगॅनाइनेचा, म्हणजे असोटासारखे नारिंगी-पिवळे पतंग. पूर्वी यांना टायगर मॉथजवळच ठेवलं जाई. तोंडाशी असलेले स्पर्शक बाजूने पाहा. असोटात त्यांचा शेवटचा सांधा लांब, बारीक आणि वर वळलेला असतो, टायगर मॉथमध्ये स्पर्शक आखूड असतात. अळ्या बऱ्याचदा वड-उंबराच्या वर्गातल्या झाडांवर मिळतात.

तिसरा झायगेनिडे. अमाटा फेगिया आणि झायगेना इफिआल्टेस हे दोन पतंग युरोपात एकाच माळावर, जवळजवळ एकाच वेशात दिसतात: काळे-निळे पंख, पांढरे ठिपके, पोटावर पिवळा पट्टा. मिशा पाहा. झायगेनाच्या मिशा टोकाकडे जाड होतात. अमाटाच्या शेवटपर्यंत बारीक राहतात आणि टोक पांढरं असतं. झायगेनिडेंना छातीच्या मागच्या भागात कानाचा पडदाही नसतो.

चौथा नॉक्टुइडे कुळातला भडक रंगांचा अगॅरिस्टिने गट. तिथे निकाल मागच्या पंखाच्या शिरा लावतात.

शिरा पाहायला पंख तोडावाच लागतो असं नाही. वाळलेल्या नमुन्याच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला अल्कोहोलचा एक थेंब सोडा. काही सेकंद खवले पारदर्शक होतात आणि शिरा उघड्या पडतात. थेंब उडाला की पंख पूर्ववत होतो. तेवढ्यात दोन गोष्टी बघायच्या. पुढच्या कडेलगतची पहिली शीर आणि पंखाच्या मधला बंद कोष (शिरांनी वेढलेली जागा) यांचं नातं कसं आहे? टायगर मॉथमध्ये ही शीर मुळाशी फुगलेली असते किंवा कोषाच्या वरच्या कडेशी बऱ्याच अंतरापर्यंत, अनेकदा कोषाच्या मध्यापर्यंत, एकजीव झालेली असते. दुसरं, कोषाच्या खालच्या कोपऱ्यातून किती शाखा निघाल्यासारख्या दिसतात? चार दिसल्या तर एरेबिडेची बाजू बळकट होते, तीन दिसल्या तर नॉक्टुइडेचा संशय घ्या. कोवळ्या, नुकत्या बाहेर आलेल्या पतंगावर हा थेंब सोडू नका. खवले चिकटतात आणि डाग कायमचा राहतो.

मायक्रोस्कोप असेल तर छातीच्या बाजूला, मागच्या पायाच्या मुळाच्या वर, फुगीर पातळ पत्रा शोधा. त्याच्या कडेला आडव्या बारीक रेघांची पट्टी असते. हा आवाज काढणारा अवयव. वटवाघळांचे आवाज ऐकू आले की बरेच टायगर मॉथ तो वाकवून टिकटिक करतात. सगळ्याच जातींत तो नसतो, त्यामुळे दिसला तर पुरावा, न दिसला तर काहीच सिद्ध होत नाही.

अळीची खूण सोपी: केस एकेकटे उगवत नाहीत, उंचवट्यांवर झुबक्याने उगवतात. पोटाच्या पायांखालचे आकडेही (बारीक हुक) भिंगाने पाहा. बहुतेक टायगर मॉथ अळ्यांत मधले आकडे लांब आणि दोन्ही टोकांचे एकदम आखूड असतात.

पायरी ४: ट्राइब ठरवा

इथे डोक्यावरचे साधे डोळे उपयोगी पडतात. मोठ्या डोळ्याच्या वर, मिशीच्या मुळामागे, चकाकणारा बारीक ठिपका दिसतो का ते पाहा. केस आडवे येतात, ओल्या ब्रशने ते बाजूला करावे लागतात. लिथोसिइनीत साधे डोळे सहसा नसतात, आर्क्टिइनीत असतात. अरुंद पंख अंगाभोवती गुंडाळून बसलेला सडपातळ पतंग आणि साधे डोळे नाहीत, तर लिथोसिइनी धरून पुढे चला. अळी मिळाली तर जबडा बघण्यासारखा असतो. दगडफूल दळायला त्यात रुंद दाढेसारखा भाग असतो.

मागचा पंख पुढच्याच्या मानाने फार लहान, पंखांवर पारदर्शक खिडक्या, पोटावर पट्टे, असं रूप असेल तर लगेच सिंटोमिइनी लिहू नका. अमाटा सिंटोमिइनीत, पण युक्रोमिया पॉलिमेना आर्क्टिइनी ट्राइबच्या युक्रोमिइना उपट्राइबमध्ये. दोन्ही एकाच प्रदेशात उडतात. जुन्या काळी दोघांना एकाच कुळात बसवलं होतं, कारण गांधीलमाशीची नक्कल दोघांतही पक्की आहे. ती दोन्ही शाखांत स्वतंत्रपणे आली. या टप्प्यावर प्रजातीपर्यंत नीट ओळख पटवून मग वर ट्राइब लिहिणं जास्त सुरक्षित.

अमेरिला मोठा, बहुधा फिकट राखाडी-तपकिरी, पंखांवर अर्धपारदर्शक पट्ट्या असलेला, छेडला की फेस सोडणारा. जुन्या पुस्तकांत तो ऱ्होडोगॅस्ट्रिया या नावाने सापडतो.

पायरी ५: स्पायलोसोमिना, म्हणजे खरा गुंता

मुळापासून सुरुवात करू. स्पायलोसोमा ही प्रजाती कर्टिसने १८२५ साली मांडली. तिची आधारजाती (टाइप स्पीशीज) स्पायलोसोमा ल्युब्रिसिपेडा: पांढरे पंख, विखुरलेले काळे ठिपके, पोट पिवळं आणि त्यावर काळे ठिपके. स्पायलार्क्टिया बटलरने १८७५ साली मांडली, तिची आधारजाती ल्युटिया. तिचे पंख पिवळसर, आणि ठिपके पंखाच्या टोकाकडून आतल्या कडेकडे तिरक्या ओळीत. डायाफोरा प्रजातीची आधारजाती मेंडिका. एखादी जाती कुठे ठेवायची हा प्रश्न आला की तिची तुलना या आधारजातींशी करायची, पुस्तकातल्या ‘नेहमीच्या’ चित्राशी नाही. प्रजातीचं नाव आधारजातीला बांधलेलं असतं. बाकीच्या जाती इकडून तिकडे जाऊ शकतात, आधारजाती जात नाही.

ठिपक्यांची तिरकी ओळ पाहून स्पायलार्क्टिया म्हणण्याचा मोह आवरा. अनेक जातींत ओळ अर्धवट असते, कधी दोनच ठिपके उरतात, कधी एकही नाही. पुढची लक्षणं एकत्र धरून पाहा: पोटाची वरची बाजू लाल, पिवळी की पांढरी, पोटाच्या कडेने काळ्या ठिपक्यांच्या ओळी किती, पुढच्या पायाच्या मांडीचा आतला रंग कोणता, मानेच्या पट्ट्यावर रंग आहे का, नराच्या मिशांचे दाते किती लांब, आणि मागच्या पंखावर काळे डाग कुठे आहेत. ही लक्षणं कागदावर तक्त्यात लिहा. पुढच्या पतंगाशी तुलना करताना डोळ्यांच्या आठवणीपेक्षा तक्ता कितीतरी बरा.

शेजारच्या काही प्रजाती आधी बाजूला काढता येतात. पांढरा पंख, पुढच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांबलचक लाल रेघ आणि मानेवरही लाल पट्टा असेल तर अलोआ लॅक्टिनिया पाहा. पुढच्या पंखाच्या मधोमध काळे लांबट फराटे आणि मागचे पंख काळपट असतील तर क्रिएटोनोटोस. तपकिरी पंखांवर गोल गडद डाग आणि लालसर-गुलाबी मागचे पंख असतील तर ओलेपा, जिची रिसिनाय ही जाती जुन्या पुस्तकांत पेरिकॅलिया या नावाखाली आहे.

आता नेमकं कुठे चुकतं ते.

नर आणि मादी दोन जाती समजले जातात. डायाफोरा मेंडिकाचा नर काजळी-तपकिरी, मादी पांढरी. एस्टिग्मेने ॲक्रियाच्या नराचे मागचे पंख पिवळे-नारिंगी, मादीचे पांढरे. त्यामुळे लिंग ठरवल्याशिवाय रंगाची तुलना सुरू करू नका. नराच्या मिशांचे दाते लांब असतात आणि पोटाच्या टोकाला फटीसारखी जागा दिसते. मादीचं पोट जाड, टोकाला दोन मऊ पाळ्या.

प्रदेशानुसार रंग बदलतो. त्याच मेंडिकाचे आयर्लंडमधले नर काजळी नसून मळकट पांढरे असतात. एकटा आयरिश नर समोर ठेवला तर नवखा माणूस नवी जाती म्हणेल.

हंगामानुसार ठिपके बदलतात. हायफँट्रिया क्यूनिया हा मूळचा उत्तर अमेरिकेतला पतंग. १९४०मध्ये तो हंगेरीत पोहोचला, १९४५मध्ये जपानमध्ये, आणि दोन्हीकडे झाडांचा मोठा शत्रू झाला. त्याचे काही पतंग पूर्ण पांढरे, काही दाट ठिपक्यांचे. दोन रूपं मिळून एकच जाती.

लाल रंग टिकत नाही. संग्रहात वर्षानुवर्षं राहिलेल्या नमुन्याचं लाल पोट फिकट नारिंगी होतं, म्हणून ‘पोट पिवळं’ असं जुन्या नमुन्यावरून लिहिताना सावध राहा. क्रिएटोनोटोस गँजिसचं पोट बहुधा लाल असतं, पण क्वचित जिवंतपणीही पिवळं असतं. तिथे पोटाच्या रंगावर जाती ठरवणं चूकच.

क्रिएटोनोटोसचंच आणखी एक उदाहरण फार शिकवून जातं. या प्रजातीच्या नराच्या पोटाच्या टोकातून चार लांब, केसाळ, फुगणाऱ्या नळ्या बाहेर येतात. गंध पसरवायला. काही नरांत त्या पोटापेक्षाही लांब, काहींत नखाएवढ्याही नाहीत. हा जातीतला फरक नाही. अळीने खाल्लेल्या झाडांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड (वनस्पतींतलं विषारी द्रव्य) किती होतं त्यावर नळ्यांचा आकार ठरतो. हे १९८०च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं गेलं. आहारावर अवलंबून असलेलं लक्षण वर्गीकरणात घ्यायचं नाही, आणि ते आहारावर अवलंबून आहे की नाही हे अळ्या वाढवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून जमेल तिथे मादीकडून अंडी घ्या. मादीला कागद लावलेल्या डबीत एक-दोन रात्री ठेवलं तर ती बहुतेक वेळा अंडी घालते, आणि तापमानानुसार साधारण आठवड्याभरात अळ्या निघतात. स्पायलोसोमिनाच्या बऱ्याच अळ्या नाना प्रकारची झाडंझुडपं खातात, त्यामुळे वाढवणं अवघड नाही. डबीत ओल साचू देऊ नका. बुरशी आणि विषाणू पूर्ण पिढी संपवतात. केसांनी काहींच्या हाताला खाज सुटते, तेव्हा ब्रशने उचला. एका मादीची तीस पिल्लं शेजारी शेजारी पाहिली की ठिपक्यांवरचा भरवसा आपोआप योग्य जागी येतो.

पायरी ६: पोटाचं टोक

स्पायलोसोमा आणि स्पायलार्क्टियाच्या जवळच्या जातींत शेवटचा शब्द जननेंद्रियांच्या कठीण भागांचा असतो. काम संयमाचं आहे, अवघड नाही.

वाळलेल्या नमुन्याचं पोट वरच्या दिशेला हळूच दाबून तोडा आणि लगेच नमुन्याला आणि बाटलीला एकच क्रमांक द्या. पोटांची अदलाबदल झाली की दोन्ही नमुने वाया जातात आणि ती चूक नंतर उघडकीलाही येत नाही. १० टक्के द्रावणासाठी १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाणे पाण्यात टाका आणि एकूण १०० मिलिलिटर करा. दाणे पाण्यात टाकायचे, पाणी दाण्यांवर ओतायचं नाही. उष्णता एकदम निघते आणि थेंब उडतात. पोट या द्रावणात रात्रभर साध्या तापमानाला ठेवा, किंवा नळी गरम पाण्याच्या भांड्यात १० ते ३० मिनिटं. थेट ज्योतीवर उकळू नका. लहान पतंगाचं पोट लवकर मऊ होतं. जास्त वेळ राहिलं तर पातळ पडदे विरघळून सगळे भाग सुटे होतात.

मग पाण्यात दोनदा धुवा, ३० टक्के अल्कोहोलमध्ये ब्रशने खवले आणि चरबी काढा, आणि पोटाच्या टोकाचा संच चिमट्याने अलगद बाहेर ओढा. नरात पाहायचं ते असं: वरचा आकडा (अंकस), दोन बाजूंच्या पकडी (व्हॉल्वा) आणि त्यांच्या टोकांचे फाटे, मधली नळी, आणि त्या नळीतून बाहेर येणारी पिशवी (व्हेसिका) व तिच्यावरचे काटे. व्हॉल्वाच्या टोकांचा आकार आणि व्हेसिकावरच्या काट्यांची जागा ही सर्वांत बोलकी. व्हेसिका फुगवायची तर बारीक सुईच्या सिरिंजने अल्कोहोल हळूहळू आत सोडा. जोर लागला की ती फाटते, आणि फाटलेली व्हेसिका कुठल्याही चित्राशी जुळत नाही. मादीत वीर्य स्वीकारणाऱ्या पिशवीतल्या खरबरीत खुणा (सिग्नम) किती आणि कुठे ते नोंदवा. पडदे पारदर्शक असल्याने क्लोराझोल ब्लॅकचा हलका रंग द्यावा लागतो.

व्हॉल्वा दोन्ही बाजूंना उघडून काचेवर सपाट दाबून काढलेलं चित्र आणि ग्लिसरीनमध्ये मोकळं ठेवून पाहिलेला आकार यांत फरक पडतो. तुलना करताना दोन्हीकडे मांडणी एकच ठेवा. नवख्यांनी आधी ग्लिसरीनमध्ये सर्व बाजूंनी फिरवून पाहावं, फोटो काढावेत, आणि मगच युपॅरलमध्ये (स्लाइडसाठीचा पारदर्शक चिकट पदार्थ) कायमची स्लाइड करायची का ते ठरवावं. ग्लिसरीनची छोटी कुपी नमुन्याच्याच टाचणीला खाली लावून ठेवता येते.

युटेथिसा प्रजातीतही हेच. पुल्चेला, पुल्चेलॉइडेस आणि लोट्रिक्स या पांढऱ्या, लाल-काळ्या ठिपक्यांच्या जाती जिथे एकत्र उडतात, तिथे नुसत्या फोटोवरून नाव देऊ नका. नराच्या पोटाचं टोक तपासा.

पायरी ७: डीएनए कधी आणि कशाला

एक पाय पुरतो. कोरड्या, स्वच्छ चिमट्याने तोडून ९५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोलमध्ये ठेवा. दोन नमुन्यांच्या मध्ये चिमटा ज्योतीवर धरून शुद्ध करा, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्यात मिसळतो. नेहमीचा बारकोड म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. दोन जाती वेगळ्या असल्याचा संशय तपासायला, नर-मादी जोडायला, अळीला नाव द्यायला तो उत्तम. पण प्रजाती आणि उपट्राइब यांची नाती त्या एका तुकड्यावरून काढू नयेत. जुन्या फांद्यांची माहिती त्यात पुसट झालेली असते, तिथे अनेक जनुकं लागतात. डेटाबेसमध्ये ९९ टक्के जुळणारं नाव आलं तरी तो संदर्भ नमुना कोणी आणि कशावरून ओळखला ते बघा. चुकीच्या नावाने चढवलेली नोंद तुमच्या पतंगालाही तेच चुकीचं नाव देते.

अनेक जनुकांच्या अभ्यासाने किती बदल होऊ शकतो याचं उदाहरण २०१६मधलं. आर्क्टिइना उपट्राइबचा वंशवृक्ष काढल्यावर पॅरासेमिया ही एकाच प्रसिद्ध पतंगाची प्रजाती आर्क्टियाच्या आत बसलेली निघाली. तेव्हापासून तो आर्क्टिया प्लँटॅजिनिस. आणखी काही छोट्या प्रजातीही आर्क्टियात विलीन झाल्या.

पायरी ८: नाव नीट लिहा

जातीच्या नावामागे वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष कंसात आहे की कंसाबाहेर, याला अर्थ आहे. कंस म्हणजे ती जाती मूळ वर्णनात दुसऱ्या प्रजातीत होती. स्पायलार्क्टिया ऑब्लिक्वा (वॉकर, १८५५) पाहा. स्पायलार्क्टिया ही प्रजातीच १८७५ साली मांडली गेली, तेव्हा १८५५च्या कुठल्याही जातीमागे इथे कंस येणारच. यादीत तो नसेल तर यादी करणाऱ्याने मूळ वर्णन पाहिलेलं नाही, असं समजायला हरकत नाही.

प्रजाती बदलली की जातीच्या नावाचं लिंगही बदलू शकतं: स्पायलोसोमा ल्युटियम, पण स्पायलार्क्टिया ल्युटिया. शोध घेताना दोन्ही रूपं टाका. ऑब्लिक्वावरचं शेतीविषयक साहित्य तर डायाक्रिसिया, स्पायलोसोमा आणि स्पायलार्क्टिया अशा तीन प्रजातींच्या नावांखाली विखुरलेलं आहे. एकच नाव शोधलं तर बरंच काम नजरेआड राहील. काही याद्या आजही स्पायलार्क्टियाला स्पायलोसोमातच धरतात. तुम्ही कोणती पद्धत घेतली ते यादीच्या वरच एका ओळीत लिहा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

ओळख पटली नाही तर जिथपर्यंत पुरावा नेतो तिथेच थांबा. ‘स्पायलोसोमिना, मादी, पोट लाल, प्रजाती अनिश्चित’ ही पूर्ण आणि उपयोगी नोंद आहे. ओळखीच्या चिठ्ठीवर नाव, ओळखणाऱ्याचं नाव, वर्ष, आणि ओळख कशावरून केली (शिरा, जननेंद्रिय, बारकोड की फक्त फोटो) हे लिहा. जुनी चिठ्ठी चुकीची ठरली तरी काढून टाकू नका. नवी चिठ्ठी तिच्याखाली त्याच टाचणीत टोचा.

चिठ्ठीसाठी न पुसणारी काळी शाई किंवा पेन्सिल आणि आम्लरहित जाड कागद वापरा. अल्कोहोलच्या बाटलीत चिठ्ठी आतच टाका, बाहेर चिकटवलेली गळून पडते. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सहा महिन्यांत चिठ्ठी कोरी होते.